गाभारा आहे, सभामंडप नाही: बोव्हेच्या कॅथेड्रलची केस

पॅरिसला स्वस्तातल्या विमानाने गेलेल्या बऱ्याच जणांना बोव्हे हे नाव माहीत असतं, कारण ती विमानं तिथे उतरतात, बाहेर बस उभी असते, त्यात बसायचं आणि थेट पॅरिस. गावात कोणी जात नाही. पहिल्यांदा मीही तशीच निघून गेले होते. गेल्या खेपेला मात्र दादाकडे राहायला होते (तो तिकडेच नोकरीला आहे), तेव्हा ठरवून एक आख्खा दिवस काढला, पॅरिसच्या गार दु नोर स्टेशनवरून ट्रेन पकडली आणि सव्वाएक तासात बोव्हेला उतरलो, फक्त आणि फक्त तिथलं सां-पिएर कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, बघायला. माझं काम जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटचं, आणि ह्या इमारतीबद्दल कॉलेजपासून वाचत आले होते, त्यामुळे हे प्रवासवर्णन म्हणून नाही तर एका इमारतीची केस फाईल म्हणून वाचा. दोनदा कोसळलेली आणि तरी उभी असलेली इमारत आहे ही.

आधी नुसतं काय दिसतं ते सांगते. दक्षिणेच्या दारातून आत शिरलं की मान वर जाते आणि जातच राहते. दगडी छत जमिनीपासून साधारण ४८ मीटरवर आहे, म्हणजे पंधरा-सोळा मजली बिल्डिंगमधले सगळे स्लॅब काढून टाकले तर आत जेवढी पोकळी होईल तेवढी, आणि वरच्या भागात भिंत म्हणावी तर भिंत नाहीच, बारीक दगडी काड्या आणि त्यात बसवलेली काच. गॉथिक चर्चमध्ये ह्याच्याइतकं उंच क्वायर जगात दुसरं नाही. क्वायर म्हणजे आपल्या देवळाच्या हिशोबात गाभाऱ्याची जागा, जिथे मुख्य वेदी असते आणि पाद्री मंडळी बसून प्रार्थना म्हणतात. मग आपण पश्चिमेकडे वळतो, जिथे नेव्ह म्हणजे सभामंडप, लोकांसाठीची लांबलचक जागा असायला हवी, आणि तिथे एक सपाट भिंत आहे. तिथेच चर्च संपतं.

दादा म्हणाला, "अगं, बाकीचं कुठंय?" त्याला वाटलं युद्धात गेलं असणार, कारण जून १९४० मध्ये बॉम्ब पडून गावाचा मोठा भाग जळून गेला हे तो ट्रेनमध्ये वाचत आला होता. मी म्हटलं, "दादा, युद्धात कॅथेड्रल वाचलं. बाकीचं कधी बांधूनच झालं नाही."

आता थोडं मागे जाऊ. १२२५ मध्ये इथलं जुनं चर्च आगीत सापडलं आणि बिशप मिलों द नांतय ह्यांनी नवीन कॅथेड्रलचं काम काढलं. बोव्हेचा बिशप हा साधा धर्मगुरू नव्हता, तो त्या भागाचा काउंट, म्हणजे सरदारपण होता, पैसा आणि सत्ता दोन्ही हातात, पण राजा नववा लुई ह्याच्याशी १२३०च्या दशकात जोरदार वाजलं आणि पैशाचा ओघ काही काळ आटला. काम थांबत-थांबत झालं. साठेक किलोमीटरवर आमियांचं कॅथेड्रल १२२० पासून चढत होतं, त्याचं छत ४२ मीटरच्या वर जाणार होतं. त्याआधी पॅरिसचं नोत्र दाम ३३ मीटरच्या आसपास, मग शार्त्र ३६-३७, मग रॅंस ३८, अशी उंची दर पिढीला वर सरकत होती. बोव्हे ह्या रांगेतलं सगळ्यात वरचं. स्टीफन मरे ह्या अभ्यासकाने दगडांचे जोड आणि नक्षी वाचून असं मांडलंय की काम वेगवेगळ्या टप्प्यांत वेगवेगळ्या मुख्य कारागिरांनी केलं आणि इतकी उंची सुरुवातीच्या आराखड्यात नव्हतीच, नंतरच्या टप्प्यात वाढवली गेली. मला हे पटतं, कारण साईटवर आजही असंच होतं, पाया एका हिशोबाने घातलेला असतो आणि वरचा माणूस बदलला की हिशोबही बदलतो.

इथे एक गोष्ट समजून घेतली नाही तर पुढचं काही कळणार नाही, ती म्हणजे हे छत नुसतं खाली ढकलत नाही, बाहेरही ढकलतं. भिंतीला शिडी टेकवली की तिचा पाय मागे सरकायला बघतो आणि खाली कोणीतरी पाय अडवून धरावा लागतो, तसंच दगडी कमानीचं. कमान टोकदार केली की हा जोर अर्धगोल कमानीपेक्षा कमी होतो, म्हणून ती टोकदार. (मुंबईत सीएसएमटी नाहीतर राजाबाई टॉवर बघून आपल्याला टोकदार कमान ही एक शैली वाटते, आणि तिथे १९व्या शतकात ती बऱ्याच अंशी शैलीच होती, पण १३व्या शतकातल्या फ्रेंच पाथरवटाला तिची गरज होती.) तरी जोर उरतोच. तो अडवायला भिंत जाड केली तर काच कुठे बसवणार, म्हणून भिंतीच्या बाहेर लांब उभे धिरे बांधायचे आणि तिथून हवेतून झेप घेणाऱ्या अर्ध्या कमानी भिंतीला टेकवायच्या. ह्या म्हणजे फ्लाइंग बट्रेस, शिडीचा पाय अडवणारा माणूस. बोव्हेत बाजूच्या पडव्या दुहेरी आहेत म्हणून ही झेपही दोन टप्प्यांत आहे, मध्ये एक बारीक खांब आणि पुढे मोठा धिरा. तो मधला खांब लक्षात ठेवा.

१२७२ मध्ये क्वायर पूर्ण झालं. बारा वर्षं ठीक गेली. २९ नोव्हेंबर १२८४ ला छत कोसळलं. गंमत बघा, पूर्वेकडचा अर्धगोलाकार भाग, जिथे खांब एकमेकांच्या जवळजवळ आहेत, तो जागचा हलला नाही. पडला तो सरळ भाग, जिथे एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत मोकळे, रुंद गाळे ठेवले होते.

लोक ही गोष्ट नेहमी एकाच पद्धतीने सांगतात, की माणसांनी देवाच्या बरोबरीला जायचा हव्यास केला, फार उंच बांधलं, पडलं. शाळेतल्या तात्पर्यासारखं. मला ह्या सांगण्याचा मनापासून राग येतो, कारण पुढे काय झालं ते त्यात येतच नाही. पडलेलं छत त्यांनी पुन्हा त्याच उंचीवर बांधलं. एक मीटरसुद्धा खाली आणलं नाही. आणि ते दुसऱ्यांदा बांधलेलं छत आज जवळजवळ सातशे वर्षं तिथे आहे. उंचीनेच मारलं असतं तर ते दुसऱ्यांदाही पडायला हवं होतं ना?

मग कशाने पडलं? ह्यावर दीडशेहून जास्त वर्षं वाद चालूय. १९व्या शतकात व्हियोले ल द्युक ह्यांनी एक कारण मांडलं, तेच ज्यांनी पॅरिसच्या नोत्र दामची दुरुस्ती केली. त्यांचं म्हणणं समजायला दोन प्रकारचे खांब डोळ्यासमोर आणा. एक, लहान लहान दगड चुन्याच्या थरांवर रचून केलेला मोठा खांब. दुसरा, त्याला लागूनच उभे केलेले अख्ख्या दगडाचे बारीक जोडखांब, मध्ये सांधाच नाही. दोन्ही मिळून वरचा लोड घेतात. आता चुना वाळतो, दबतो, तसा रचलेला खांब किंचित बसतो, प्रत्येक सांध्यात केसाएवढं, पण सांधे कितीतरी असतात. अख्खा दगड मात्र बसत नाही. म्हणजे हळूहळू मोठ्या खांबाच्या डोक्यावरचा भार त्या बारीक जोडखांबांवर सरकतो, ते तडकतात, त्यांच्यावर टेकलेला दगड मोडतो, मग वरचं सगळं वाकतं.

माझे आजोबा गवंडी होते, चुन्यातलं काम केलेली शेवटची पिढी. ते म्हणायचे, "बाळा, चुन्याला घाई चालत नाही, तो त्याच्या वेळेनं वाळतो." आमच्या जुन्या घराच्या ओसरीत त्यांनी दाखवलं होतं, दगडी खांबाला लागून नंतर विटांची भिंत घातलेली आणि दोन्हीच्या मध्ये वरपासून खालपर्यंत एक चीर, बोटाचं नख जाईल इतकी. भिंत बसली होती, खांब बसला नव्हता. बोव्हेच्या त्या खांबांखाली उभी राहिले तेव्हा मला ती चीरच आठवत होती. कॉलेजात जे आकृतीत शिकले ते मी खरं म्हणजे आठ वर्षांची असताना ओसरीत बघितलेलं होतं.

२०व्या शतकात केंब्रिजचे जाक हेमन ह्यांनी गणित मांडून दाखवलं की अशा इमारतीत दगड चिरडला जाण्याइतका दाब येतच नाही, दगडाची ताकद त्याच्या कितीतरी पट असते, प्रश्न असतो तो आकाराचा, म्हणजे जोराची वाट दगडाच्या आतून जाते का बाहेर पडते ह्याचा. केंद्रणं, म्हणजे कमान बांधताना खाली दिलेले लाकडी आधार, काढल्यावर दगडी बांधकाम पाच मिनिटं उभं राहिलं तर पाचशे वर्षं राहील, असं ते म्हणत, आणि बोव्हेच्या बाबतीत त्यांचा कल व्हियोले ल द्युकच्या बाजूने होता, हळूहळू काहीतरी बदललं आणि एक लहान भाग गेला. रॉबर्ट मार्क आणि मॉरी वुल्फ ह्यांनी दुसरी वाट धरली. प्लास्टिकची मॉडेलं करून त्यात ताण कुठे येतो ते खास प्रकाशात बघायचं ही मार्क ह्यांची पद्धत, आणि त्यांना संशय आला तो त्या मधल्या बारीक खांबाचा. उंच इमारतीवर जोराचा वारा आला की तिथे दाबाऐवजी ओढ तयार होते, चुन्याला ओढ सोसत नाही, सांधा उघडतो. एका वादळात थोडा, दुसऱ्यात अजून थोडा. बारा वर्षांत किती वादळं आली असतील.

मला स्वतःला ह्या दोन कारणांत भांडण दिसत नाही. दोन्हींत मुद्दा एकच आहे, की छत पेलायला लागणारा आधार फार मोजका ठेवला होता, एक जागा सैल झाली तर भार घ्यायला शेजारी दुसरं कोणी नव्हतं. आणि त्या वेळच्या कारागिरांनाही हे कळलं असणार, कारण त्यांनी दुरुस्ती बरोबर तिथेच केली. दोन खांबांच्या मध्ये अजून एक खांब घातला. तीन गाळ्यांचे सहा झाले, छताच्या प्रत्येक तुकड्यात चारच्या जागी सहा पाकळ्या झाल्या. आज आत उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं, सरळ भागातल्या कमानी अरुंद, दाटीने उभ्या, आणि नीट बघितलं तर जुन्या रुंद कमानीची रेघ नव्या दोन कमानींच्या वर अजून शिल्लक आहे. मी दादाला बोटाने ती रेघ दाखवली, त्याला सापडायला पाच मिनिटं लागली, आणि सापडल्यावर मात्र तो तिथून हलेना. १२८४ च्या आधीची इमारत त्या एका रेघेत उरलीय.

दुरुस्तीला साधारण चाळीस-पन्नास वर्षं लागली. मग इंग्लंडशी शंभर वर्षांचं युद्ध, प्लेग, आणि पुढचं बांधकाम १५०० पर्यंत जवळपास बंद. १५०० मध्ये मार्तां शांबीज ह्यांनी आडवा भाग, ट्रान्सेप्ट, काढला. दक्षिणेचा दर्शनी भाग त्याच काळातला, ज्वाळांसारखी वळणं घेणारी नक्षी. सुंदर आहे, पण त्यावर मी थांबत नाही, कारण केसमधला मला सगळ्यात जास्त छळणारा भाग पुढे आहे.

१५५० च्या सुमारास क्वायर आहे, ट्रान्सेप्ट आहे, आता नेव्ह बांधायची. त्याऐवजी ठरलं की आधी मध्यावर टॉवर चढवू. जां व्हास्त ह्यांच्या देखरेखीखाली १५६० च्या दशकात तो चढला, खाली दगडी मजले, वर लाकडी शिखर, टोकाला लोखंडी क्रॉस, एकूण उंची १५३ मीटर. आपला राजाबाई टॉवर ८५ मीटर आहे, म्हणजे त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्या वेळी जगात ह्याहून उंच इमारत नव्हती असं मानतात. १५६९ मध्ये काम संपलं.

आता हा टॉवर उभा कशावर आहे ते बघा. चौकाच्या चार कोपऱ्यांवरचे चार खांब. पूर्वेकडून त्यांना क्वायरचा टेकू आहे, उत्तर-दक्षिणेकडून ट्रान्सेप्टचा. पश्चिमेकडे काय? काहीच नाही. तिथे नेव्ह यायची होती. चार जणांनी पालखी खांद्यावर घ्यावी आणि मागून-बाजूने सगळ्यांना धरायला माणसं असावीत पण पुढच्या दोघांच्या समोर उतार असावा, तसं.

दोन वर्षांत खांब हलल्याचं दिसायला लागलं. १५७१ मध्ये पॅरिसहून राजाचे गवंडी पाहणीला आले, त्यांनी ओळंबा सोडला आणि नेव्हच्या बाजूचे दोन खांब कित्येक इंच बाहेर कललेले निघाले. त्यांनी उपायही सांगितला, आणि तो बरोबर होता. पश्चिमेला नेव्हचे दोन गाळे बांधून घ्या म्हणजे टेकू मिळेल, तोवर तात्पुरत्या भिंती घालून खांब धरा. हे सगळं १५७१ मध्ये कागदावर आहे. मग चर्चा, पैसे कुठून आणायचे, अजून एक पाहणी, अजून एक मत. १७ एप्रिल १५७३ ला शेवटी काम करायचं ठरलं. ३० एप्रिलला टॉवर पडला. मध्ये तेरा दिवस.

त्या दिवशी येशूच्या स्वर्गारोहणाचा सण होता. मिरवणूक नुकतीच चर्चच्या बाहेर पडली होती म्हणून माणसं वाचली, नाहीतर आख्खं गाव आत असतं.

ही तारीख मी कधीच तटस्थपणे वाचू शकत नाही. मी स्वतः एका सोसायटीला रिपोर्ट दिला होता, पार्किंगमधल्या तीन कॉलमना ताबडतोब जॅकेटिंग करा (म्हणजे भोवती नवं काँक्रीट घालून मजबूत करा), तोवर प्रॉप म्हणजे टेकू लावा, असं ठळक अक्षरात, आणि तो रिपोर्ट चौदा महिने मीटिंगमधून मीटिंगमध्ये फिरत राहिला. तिथे काही पडलं नाही, वेळेत काम झालं. पण त्या चौदा महिन्यांत पावसाळ्यात रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा. पॅरिसहून आलेल्या त्या गवंड्यांना बातमी कधी कळली असेल, कुठे असतील ते तेव्हा, हा विचार माझ्या मनातून जात नाही. निदान बरोबर होतं, औषध बरोबर होतं, लोकांनी मान्यही केलं, फक्त उशिरा केलं.

टॉवर परत बांधला नाही. उरलेला पैसा पडलेली छतं सावरण्यात गेला, नेव्हचा जेमतेम एक गाळा उभा राहिला आणि १६०० च्या सुमारास त्याच्या तोंडाशी ती भिंत घालून काम थांबलं. फ्रेंचांमध्ये एक म्हण आहे की परिपूर्ण कॅथेड्रल हवं तर शार्त्रचा मनोरा, आमियांची नेव्ह, रॅंसचा दर्शनी भाग आणि बोव्हेचं क्वायर घ्या. बोव्हेकडून घेण्यासारखं तेवढंच आहे, कारण तेवढंच आहे.

पण केस बंद झालेली नाही. नेव्ह नसल्यामुळे पश्चिमेची बाजू आजही उघडी आहे आणि इमारत वाऱ्याने डोलते. बाहेर बट्रेसना एकमेकांशी बांधणारे लोखंडी गज होते. १९६० च्या दशकात ते विद्रूप दिसतात आणि त्यांची गरज नाही असं ठरवून काढले, तर डोलणं वाढलं आणि क्वायर ट्रान्सेप्टपासून सुटायला लागलं. मग परत बसवावे लागले, ह्या वेळी पोलादाचे. पोलाद जुन्या लोखंडापेक्षा कमी लवचीक, त्यामुळे इमारत जास्त ताठ झाली आणि त्याने नव्या चिरा पडल्या असाव्यात अशीही शंका आहे. १९९० च्या दशकात ट्रान्सेप्टमध्ये आतून मोठमोठे टेकू लावले, ते अजून आहेत. आपण ४८ मीटरच्या दगडी झेपेकडे बघत असतो आणि मध्येच हे भले थोरले तिरपे वासे, नटबोल्टसकट. काही लोकांना ते फोटोत नको असतात. मी मुद्दाम त्यांचेच फोटो काढले. २००१ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी लेझरने आख्खी इमारत मोजली, खांब न खांब, म्हणजे पुढे कुठे किती हललं ते ताडून बघता येईल. १५७१ चा ओळंबाच तो, फक्त बारीक.

आत एक प्रचंड खगोलीय घड्याळपण आहे, व्हेरिते ह्यांनी १८६५ ते १८६८ मध्ये केलेलं, ९०,००० भागांचं. बहुतेक पर्यटक त्याच्यासाठीच येतात, गेलात तर जरूर बघा. आम्ही ते सोडून बाहेर पडलो, कारण मला पश्चिमेची भिंत बाहेरून बघायची होती.

बाहेर त्या भिंतीला लागूनच एक बुटकं, साधं चर्च आहे, बास-अव्र म्हणतात त्याला. दहाव्या शतकातलं, म्हणजे कॅथेड्रलपेक्षा दोन-अडीचशे वर्षं जुनं. १२२५ नंतर जे पाडायचं होतं ते हेच. नेव्ह जसजशी पश्चिमेला सरकेल तसतसं हे पाडत जायचं असा बेत होता, आणि नेव्ह आलीच नाही, म्हणून ह्याचा उरलेला तुकडा आहे तिथे आहे, बरोबर सभामंडपाच्या जागेवर. भिंती बारीक चौकोनी दगडांच्या, रोमन काळातल्या बांधकामातून काढून परत वापरलेले दगड, प्रत्येक जेमतेम तळहाताएवढा. सांध्यांमध्ये चुना अजून घट्ट आहे. मी नखाने टोकरून बघितलं, सुटला नाही. दादा म्हणाला, "चल आता, पाच पंचवीसची गाडी जाईल." मी म्हटलं, "थांब रे जरा," आणि आम्ही पुढची गाडी घेतली.